भट्टीवरची नानखटाई

पाश्चात्य कुटुंबांत आजीच्या स्मृतीला बहुधा भाजलेल्या कणकेचा वास असतो. स्वीडनमध्ये दालचिनीच्या गुंडाळीदार पावाला एवढा मान आहे की, १९९९ सालापासून दर वर्षी ४ ऑक्टोबर हा दिवस त्या पावाच्या नावाने साजरा होतो. अमेरिकेतही नाताळच्या सकाळी आजीच्या पद्धतीने केलेले असलेच पाव नातवंडे आवडीने खातात, आणि त्या कृतीचा डागाळलेला कागद एखाद्या मृत्युपत्राप्रमाणे जपून ठेवतात. आमच्याकडील आज्यांची कीर्ती मात्र तळणीवर आणि मोदकपात्रावर उभी आहे. करंजी, अनारसे, चकली ही सारी तळणीतली संतती. मोदक आणि पातोळ्या वाफेवरच्या. याचे कारण उघड आहे. आमच्या चुलीची आच खालून येते, आणि भाजण्याच्या कलेला ती चोहोंकडून यावी लागते. कोकणातल्या सुगरणींनी काकडीच्या धोंडसासाठी पातेल्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून ही अडचण सोडविली खरी. पण तो एका पातेल्यापुरता तोडगा झाला. दिवाळीत घरभर वाटावयाचा जिन्नस त्या रीतीने होणे नाही.

तथापि आमच्या दिवाळीच्या ताटात एक पदार्थ असा आहे की, जो तळलेला नाही, वाफवलेला नाही, आणि ज्याचा शेवटचा संस्कार आजीच्या स्वयंपाकघरात होतच नसे. तो पदार्थ म्हणजे नानखटाई. ज्यांचे बालपण १९६० ते १९९० या काळात मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या शहरात गेले, त्यांना ही रीत सांगावयास नको. पीठ घरी मळावयाचे, गोळे घरी वळावयाचे, आणि भाजण्यासाठी ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीच्या भट्टीत न्यावयाचे, अशी ती रीत होती. आमचे बालपण भिवंडीत गेले. त्या गावात या साध्या रीतीला जो अर्थ प्राप्त झाला, तो इतरत्र झाला असेलच असे नाही; म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. ‘नान’ म्हणजे फारसीत भाकर किंवा रोटी. ‘खटाई’चा आंबटपणाशी काही संबंध नसून, एका मताप्रमाणे तो ‘खता’ म्हणजे चीन या देशनामाचा अवशेष आहे. आणि गंमत अशी की, ज्या दालचिनीवर स्वीडनच्या आज्या लुब्ध आहेत तिचेही नाव फारसीच आहे आणि त्याचाही अर्थ ‘चिनी लाकूड’ असाच होतो. उत्तम दालचिनी पिकते सिंहलद्वीपात, आणि नानखटाई प्रसिद्धीस आली ती सुरतेत. तेथील डचांच्या वखारीत पाव भाजणाऱ्या पारश्यांकडे तिचे पितृत्व दिले जाते. म्हणजे नाव चीनचे, भाषा इराणची, भट्टी डचांची, हात पारश्यांचे, आणि ताट मराठी दिवाळीचे! शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने नानखटाईच्या वंशावळीत फार खोल शिरू नये हे बरे.

कारण भट्टी आणि शुद्धता यांचे वैर आमच्याकडे पुरातन आहे. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांचा. भिवंडीपासून वसई काही फार दूर नाही. ती १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतली, पण तत्पूर्वीच्या राजवटीत विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावचे गाव बाटविल्याच्या कथा त्या मुलखात अजूनही सांगतात. त्या कथा कितपत खऱ्या हा प्रश्न निराळा. पण एका तुकड्याने जन्मजन्मांतरीचा धर्म बुडतो ही समजूत मात्र शंभर टक्के खरी होती. म्हणूनच १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन तोडल्याची खूण पटवावी लागे. आणि ही सभा गुप्तपणे चाले. पुढे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा आणि बिस्किटे यांचे प्रकरण घडले. ज्या मंडळींवर त्या निमित्ताने ग्रामण्य उठले त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. एका बशीतल्या बिस्किटांनी सुधारक आणि सनातनी यांना एका रांगेत बसविले, एवढा त्या भाजलेल्या पिठाचा पराक्रम!

आमच्या आजीने परमहंस सभेचे नाव ऐकले नव्हते. ती सोवळे पाळी, आणि पाव तिने आयुष्यात कधी तोंडात घातला नाही. तरीही दर दिवाळीत तिच्या हातचे गोळे एका मुसलमान बेकरीवाल्याच्या भट्टीत जात, आणि तेथून आलेली नानखटाई ती देवापुढे ठेवी. या विसंगतीबद्दल एकदा आमच्या थोरल्या काकांनी तिला छेडले असता तिने जे उत्तर दिले ते कोणत्याही मीमांसकाने मान डोलवावी असे होते. ती म्हणाली, “खरकटे पाण्याने होते. माझ्या पिठात पाण्याचा थेंब नाही, तूप आहे. आणि अग्नी कोणाच्याही घरचा असला तरी अग्नीच.” सुधारकांनी ज्या भिंतीवर डोके आपटले, तिला आजीने शास्त्राच्या आधारानेच एक लहानशी खिडकी पाडून घेतली होती. अशा खिडक्या आमच्या समाजात घरोघरी होत्या, आणि त्या बहुधा बायकांनी पाडलेल्या होत्या.

आता कृती. एक वाटी थिजलेले तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, मूठभर रवा, चिमूटभर पापडखार आणि वेलदोड्याची पूड, एवढेच साहित्य. खरी कसोटी तूप फेसण्याची. परातीत तूप घेऊन तळहाताने ते एकाच दिशेने फिरवीत राहावयाचे. पिवळसर तूप हळूहळू पांढरे होते, हलके होते, लोण्यासारखे फुलते.  ते पुरेसे फेसले तर काम झाले; नाहीतर पुन्हा हात चालू. यात गूढ काही नाही. फेसताना तुपात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, त्यामुळे ते हलके होते. आणि भट्टीत तीच हवा पसरून नानखटाईला तो ठिसूळपणा देते, ज्यामुळे ती दातांनी चावण्याऐवजी जिभेवरच विरघळते. आम्हां मुलांचा त्या कामातला वाटा म्हणजे गोळे वळणे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चारोळीचा एकेक दाणा दाबणे.

बेकरीवाले चाचा आदल्या दिवशी काळे पत्र्याचे ट्रे घरी पाठवीत. त्यांत गोळे अंतराअंतराने मांडून, कडेला घरच्या नावाची चिठ्ठी चिकटवून, दोघां-दोघांनी एकेक ट्रे उचलावयाचा आणि सांडू न देता बेकरी गाठावयाची. वेळही ठरलेली असे, आणि तिच्यामागे पदार्थविज्ञान होते. विटांची घुमटाकार भट्टी लाकडे जाळून तापवितात, मग निखारे बाजूला सारून तिच्या साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतात. पहाटेच्या पावाला कडक आच लागते. पावाचे घाणे निघाले की भट्टी निवू लागते, आणि त्या उतरत्या आचेतच नानखटाई न करपता आतपर्यंत भाजते. म्हणून पावाचा धंदा उरकल्यावर, दुपारी, गृहिणींची पाळी. ज्या उष्णतेचे मोल चाचांनी पहाटेच वसूल केलेले असे, तिचा शिलकी भाग ते ट्रेमागे थोडक्या मजुरीवर गल्लीला देत. काटकसरीचे इतके सुंदर उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही विरळा.

महाविद्यालयात डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही १८४३ सालची कथा शिकविताना विद्यार्थी एका ठिकाणी हटकून अडतात. नाताळच्या दिवशी लंडनची गोरगरीब माणसे आपापली जेवणे हातांत घेऊन बेकरीकडे का निघाली आहेत, आणि क्रॅचिटच्या मुलांना आपल्या हंसाचा वास बेकरीबाहेर कसा आला, हे त्यांना उमगत नाही. आम्हांला ते प्रथम वाचनीच उमगले, कारण आम्ही भिवंडीचे. गरिबांच्या घरी भट्टी नसे. सणाच्या दिवशी बेकरीवाल्याची भट्टीच साऱ्या गल्लीचे स्वयंपाकघर होई. रविवारी या भट्ट्या बंद ठेवाव्यात असा इंग्लंडातील काही धर्मनिष्ठांचा तेव्हा आग्रह होता, आणि डिकन्सने त्याच कथेत त्यांच्यावर कोरडा ओढला आहे. मोरोक्कोच्या जुन्या शहरांतूनही फळीवर घरची कणीक घेऊन मुले मोहल्ल्याच्या भट्टीकडे जातात. कोणाची रोटी कोणती हे भट्टीवाल्याला ठाऊक असते. एकूण, स्वतंत्र चूल ही कुटुंबाची खूण असेल, तर सामाईक भट्टी ही गावाची खूण आहे.

आणि आमचे गाव कोणते, तर भिवंडी! कामवारीच्या काठचे हे गाव हातमागाचे आणि पुढे यंत्रमागाचे. रात्रंदिवस मागांची खटखट. ती थांबली की माणसे दचकून जागी होत, कारण मग वीज तरी गेलेली असे, नाहीतर काही अनर्थ तरी झालेला असे. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणी मुसलमान, आगरी, मराठे, ब्राह्मण, गुजराती, आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली, अशी ही वीण. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी ती उसवली, आणि त्या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. १९८४ च्या मे महिन्यात ती पुन्हा उसवली. या वेळी आग ठाणे आणि मुंबईपर्यंत गेली. ज्या गावाचा धंदाच धागे जोडण्याचा, त्या गावाचे नाव देशभर झाले ते धागे तुटण्यावरून.

१९८४ च्या दिवाळीत आम्ही बारा वर्षांचे होतो. दंगलीला पाच महिने लोटले होते, संचारबंदी केव्हाच उठली होती. पण माणसांच्या मनांतली संचारबंदी सरकारी हुकमाने उठत नसते. गल्लीत त्या वर्षी बहुतेक घरांनी नानखटाई करावयाचीच नाही असे ठरविले. कारण कोणी मोठ्याने बोलत नसे. दुधात काय घातले, पाण्यात काय मिसळले, अशा अफवांवर त्या उन्हाळ्यात गावाने दिवस काढले होते. आणि अन्नाविषयीची शंका ही सर्वांत शेवटी जाणारी शंका आहे. आमच्या काकांनी विजेची गोल भट्टी विकत आणण्याचा विचार मांडला. आजीने तो ऐकून घेतला, हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. परात पुढे ओढली आणि तूप फेसावयास बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः आमच्यासंगे निघाली. एरवी ती कधी बेकरीत पाऊल टाकीत नसे. दर वर्षी ट्रे पोहोचविल्यावर आम्ही मुले तेथेच बसून राहात असू. एकाचा माल दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून ही पहाऱ्याची रीत. त्या दिवशी चाचांनी ट्रे आत घेतले आणि आमच्यासाठी बाकडे पुसले. आजी म्हणाली, “मुले बसणार नाहीत. झाले की पाठवून दे.” एवढेच बोलून ती मागे वळली, आणि आम्हीही तिच्यामागून निघालो. आम्हांला त्या वेळी फक्त गरम तुकडा हुकल्याचे दुःख झाले. पहारा न ठेवणे हेच त्या दिवशीचे संपूर्ण भाषण होते, हे कळावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

तिन्हीसांजेला चाचा स्वतः ट्रे घेऊन दारात आले. दर वर्षी पोऱ्या येई. त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला, वरची एक नानखटाई उचलली, आणि कोणी काही विचारावयाच्या आत तिचा तुकडा मोडून आमच्या सर्वांच्या देखत तोंडात टाकला. काका खाली पाहू लागले. आजीच्या मात्र कपाळावर आठी उमटली. “उभ्याने फराळ करतात काय रे? बस खाली,” असे म्हणून तिने आत जाऊन ताटली आणली, तीत चकली, करंजी, चिवडा सारे वाढले, आणि चाचा ते संपवून उठेपर्यंत ती दाराशी उभी राहिली. त्यांनी जे सिद्ध करावयास तुकडा खाल्ला होता, ते सिद्ध करण्याची गरजच तिने नाकारली. तुकड्याची ग्वाही तिने पाहुणचारात जमा करून टाकली. मग तिने ट्रे मोजून नेहमीची मजुरी दिली, एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही. जास्त दिली असती तर ते उपकार झाले असते, आणि उपकारांवर शेजार चालत नाही. पुढल्या वर्षी गल्लीतून किती ट्रे गेले ते आम्ही मोजले नाही. पण बाकड्यावर आम्हांला पुन्हा जागेसाठी भांडावे लागले, एवढे पक्के स्मरते.

नानखटाईने दंगली थांबतात असा भोळा सिद्धान्त आम्हांला मांडावयाचा नाही. भाजलेल्या पिठाचे ट्रे १९७० पूर्वीही जात होते, आणि तरी १९७० घडले. परंतु याच भिवंडीत १९९२-९३ साली, मुंबई जळत असताना, शांतता राहिली ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. तिचे श्रेय जाणकार ज्या मोहल्ला समित्यांना देतात, त्या पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने त्यापूर्वीच्या काही वर्षांत उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे तत्त्व साधे होते. एकाच वस्तीतील हिंदू आणि मुसलमान सामान्य माणसांनी, नामांकित पुढाऱ्यांनी नव्हे, पोलिसांसह नेमाने एकत्र बसावे आणि नळ, गटारे, भांडणे यांविषयी बोलावे. म्हणजे अफवा उठेल तेव्हा ती कोणाला विचारावी हे प्रत्येकास ठाऊक असेल. संकटाच्या वेळी ओळख करून घेता येत नाही. ती आधीच करून ठेवलेली असावी लागते. आजीच्या वेळी हे काम ट्रे करीत असत. ती रीत विरळ झाली म्हणून ते समित्यांना करावे लागले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोहोंचे तत्त्व एकच आहे यात आम्हांस शंका वाटत नाही.

आता काळ पालटला आहे. भिवंडीभोवतीच्या भातखाचरांच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईची जकात चुकविण्याच्या सोयीने त्या वाढल्या, आणि जकात गेल्यावरही महामार्गाच्या सोयीने टिकल्या. त्यांत बंद डब्यांतील बिस्किटे गाड्या भरभरून येतात आणि जातात. कोणी केली, कोणी भाजली, हे कोणासच ठाऊक नाही, आणि म्हणूनच बहुधा कोणास शंकाही येत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी घरी विजेची भट्टी आणून बरीच वर्षे झाली. तीत १७० अंशांचा काटा लावला की नानखटाई वीस मिनिटांत बिनचूक होते. आमची कन्या परदेशी असते. ती त्याच प्रकारच्या भट्टीत दालचिनीचे गुंडाळीदार पाव करते आणि दिवाळीला पणजीच्या प्रमाणाची नानखटाईही करते. कृती तिला ठाऊक आहे, वाटीही आईने पाठविली आहे. चवीत काडीचाही फरक नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. फरक आहे तो इतकाच की, ती करताना घराबाहेर कोणाचीच गरज लागत नाही.

जुन्या भट्ट्यांसाठी गळा काढावा असेही आम्हांला वाटत नाही. लाकूड महाग झाल्यापासून पुष्कळ भट्ट्यांतून भंगारातले, रंग दिलेले लाकूड जळू लागले, आणि त्याचा धूर प्रथम जातो तो भट्टीपुढे राबणाऱ्या कारागिराच्याच छातीत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकडाच्या आणि कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा जो आदेश दिला, त्यामागील न्याय आम्हांस मान्य आहे. विटांच्या आचेची खुमारी वेगळी म्हणून कोणाच्या फुप्फुसांनी तिची किंमत मोजावी, हे आजीलाही रुचले नसते. तिने लाकडावर निष्ठा ठेवली नव्हती. ती म्हणालीच होती की अग्नी कोणाच्याही घरचा असला तरी अग्नीच. तो वायूचा असला किंवा विजेचा असला म्हणून तिच्या शास्त्राला बाध येत नाही.

मग परंपरा म्हणून जपावयाचे ते काय? पुष्कळ घरांतून आजीची कृती लिहून ठेवतात, तिचे प्रमाण काटेकोर पाळतात, आणि परंपरा राखल्याचे समाधान मानतात. कृती टिकते हे चांगलेच आहे. पण कृतीचा निम्मा भाग घराच्या उंबरठ्याबाहेर होता, तो कागदावर उतरत नाही. आपल्या सणाचे अन्न दुसऱ्याच्या हाती सोपवून निर्धास्तपणे घरी परत येणे, हा त्या पदार्थाचा सर्वांत अवघड घटक होता. तूप फेसणे त्या मानाने सोपे. ज्या गल्लीत अशी एखादी बेकरी अजून चालू आहे, मग तिची भट्टी विटांची असो की पोलादाची, तेथल्या गृहस्थांनी यंदाच्या दिवाळीत घरची वीस मिनिटांची सोय क्षणभर बाजूला ठेवून मुलांच्या हाती एक ट्रे द्यावा. मजुरी द्यावी ती नेहमीचीच द्यावी. आणि मुलांना तेथे पहाऱ्यास बसवू नये; बसलीच तर गरम तुकड्याच्या आशेने बसू द्यावे.